दोन भाषांतले दत्तकविधान

संगणकशास्त्रात वारसा, वंश, पूर्वज, अपत्य हे शब्द इतके सर्रास वापरले जातात की आपण प्रोग्राम वाचीत आहो की एखाद्या जुन्या वतनाच्या दाव्याचे कागद चाळीत आहो, असा क्षणभर भ्रम व्हावा. आज मी ज्या विषयासंबंधी बोलणार आहे, तोही या वारशाच्या प्रकरणातलाच आहे. मात्र येथे पूर्वज एका भाषेतला असतो आणि वारस दुसऱ्या भाषेतला. म्हणजे हा वारस औरस नव्हे. तो दत्तक होय. आणि दत्तक म्हटले की वडोदऱ्याच्या माणसाला उदाहरण शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही.

मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या बारा वर्षांच्या गोपाळरावास २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले, आणि त्याचे सयाजीराव झाले. त्या एका विधीने दोन गोष्टी साधल्या. घराण्याकडे जे जे होते ते त्या मुलाचे झाले, ही पहिली. दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. ज्या कारभाऱ्यांनी, शिलेदारांनी आणि कारकुनांनी त्या मुलाला जन्मात पाहिले नव्हते, ते आपापल्या जुन्या रीतीने गादीकडे आज्ञा मागण्यास गेले, आणि गादीवरून उत्तर आले ते या नव्या मुलाचे. कारभाऱ्यांना आपली रीत बदलावी लागली नाही. त्यांना ठाऊक होती ती गादी. गादीवर कोण, हे विधीने ठरविले होते.

आता संगणकाकडे वळू. पडद्यावर खिडकी उघडणे, बटण रेखाटणे, अक्षरे मांडणे, ध्वनी काढणे ही कामे करणारे तयार संग्रह असतात, त्यांस लायब्ररी म्हणतात. त्या बहुधा सी किंवा सी प्लस प्लस या भाषांत लिहिलेल्या असतात, आणि कंपायलरकडून एकदा यंत्रभाषेत उतरल्या की घट्ट होतात. वेग त्यांचा मोठा, पण त्यांत फेरफार करणे म्हणजे भट्टीत पुन्हा घालणे. याच्या उलट पायथन, रूबी, पर्ल यांसारख्या स्क्रिप्ट भाषा. त्या सावकाश चालतात. परंतु लिहावयास सोप्या, वाचावयास त्याहून सोप्या, आणि एक ओळ बदलली की तिचा परिणाम तत्काळ दिसतो. या दोहोंमध्ये जो सांधा असतो, त्याला बाइंडिंग असे नाव आहे.

पहिल्या पायरीवर बाइंडिंग म्हणजे केवळ एक कोश असतो. सयाजीरावांच्याच कारकिर्दीत १९३१ साली वडोदऱ्यात ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा भाषांत प्रतिशब्द काय, ते त्यात शेजारी शेजारी मांडलेले आहेत. बाइंडिंगही असेच सांगते: पायथनमधील या नावाला सीमधील ते कार्य, पायथनमधील पूर्णांकाला सीमधील अमुक आकाराचा पूर्णांक, पायथनमधील अक्षरमालेला सीमधील बाइटांची रांग. एवढ्याने स्क्रिप्टमधून लायब्ररीला हाक मारता येते. ‘खिडकी उघड’ म्हटले की खिडकी उघडते.

परंतु हाक मारणे निराळे आणि हाकेला ओ देणे निराळे. मी राहतो त्या मांजलपुरात मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील नव्याने आलेली माणसे पहिल्या आठवड्यातच भाजीवाल्याला ‘अडधो किलो डुंगळी आपो’ असे सांगू लागतात. वेळ आपण निवडलेली, शब्द आपण पाठ केलेले, कोश पुरतो. खरी परीक्षा होते ती शेजारचे गृहस्थ अवेळी दारावर थाप मारून काही विचारतात तेव्हा. तेव्हा वेळ त्यांची, विषय त्यांचा, आणि उत्तर मात्र आपण द्यावयाचे, तेही त्यांना कळेल असे. स्क्रिप्टमध्ये लिहिलेला वर्ग जेव्हा सीमधील वर्गाचा वारस होतो, तेव्हा त्याची नेमकी हीच स्थिती होते. त्याने काही कार्ये नव्याने लिहिलेली असतात. ती केव्हा बोलवावयाची हे तो ठरवीत नाही. जुनी लायब्ररी ठरविते.

याचे एक खरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. २००७ साली कर्जतजवळच्या खैराट या लहानशा वाडीत, एका शिक्षकाच्या शाळेत, मुलांना ‘एक्सओ’ नावाचे हिरवेपांढरे लॅपटॉप देण्यात आले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील तो आरंभीचा प्रयोग. तत्पूर्वीच्या वर्षी केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने हा प्रकल्प सरकारी पातळीवर स्वीकारण्यास नकार दिला होता. त्या नकाराची कारणे अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. परंतु त्या यंत्राच्या आत जी रचना होती, तिच्याकडे त्या वादात फारसे कोणी पाहिले नाही, याचे मला वाईट वाटते.

त्या यंत्राचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, स्मृती २५६ मेगाबाइट, आणि साठवण १ गिगाबाइट. आजच्या साध्या मोबाइलपुढेही ते दुबळे ठरेल. त्यावर ‘शुगर’ नावाची रचना चालत असे. मुलाला चित्र काढावयाचे, लिहावयाचे, आकडेमोड करावयाची, तर त्या प्रत्येक कामाला एक ‘अॅक्टिव्हिटी’ असे. आणि अॅक्टिव्हिटी म्हणजे पायथनमध्ये लिहिलेला एक वर्ग. त्याचा जनक शुगरचा अॅक्टिव्हिटी हा मूळ वर्ग, तोही पायथनमधलाच. त्याचा जनक शुगरची खिडकी. आणि वंशावळीत आणखी वर गेले की जीटीके या लायब्ररीची खिडकी लागते, जी सी भाषेत आहे. म्हणजे पिढ्या तीन-चार, आणि मध्येच केव्हा तरी भाषा बदललेली. पायथन आणि जीटीके यांच्यातील हा सांधा, ज्याला पायजीटीके म्हणत, जेम्स हेन्स्ट्रिज यांनी घालून दिलेला होता.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. शुगरमध्ये मुलाने चित्र काढून खिडकी बंद केली की ते आपोआप ‘जर्नल’ नावाच्या रोजनिशीत जमा होई. अॅक्टिव्हिटी लिहिणाराने फक्त ‘फाइलमध्ये लिहा’ आणि ‘फाइलमधून वाचा’ अशा अर्थाची दोन कार्ये आपल्या वर्गात भरावयाची. खिडकी केव्हा मिटली, जर्नल कोठे आहे, ही काळजी पूर्वजांची. शिवाय त्या यंत्राच्या कळफलकावर चालू प्रोग्रामचा मूळ मजकूर पाहण्याची खास सोय केलेली होती. मजकूर पायथनमध्ये असल्यामुळे तो पाहता येत होता, आणि ज्याला समजेल त्याला बदलताही येत होता. सीमध्ये लिहिलेल्या खिडकीला हात न लावता, कंपायलरचे तोंडही न पाहता, तिच्या वागण्यात फरक करण्याचा अधिकार एखाद्या खेड्यातील शिक्षकाला या दत्तकविधानाने मिळत होता. सर्व शिक्षकांनी तो वापरला असता असे नव्हे. पण अधिकार असणे आणि नसणे यांत अंतर आहे, आणि मला वाटते यंत्र कोणाच्या मालकीचे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या अंतरात आहे.

आता ही किमया होते कशी, ते जरा सावकाश पाहू.

सीमधील प्रत्येक वर्गापाशी एक तक्ता असतो. त्यात ओळीने खाने असतात: रेखाटण्याचे कार्य येथे, आकार विचारण्याचे कार्य तेथे, कळ दाबली असता काय करावयाचे ते पलीकडे. प्रत्येक खान्यात त्या कार्याचा स्मृतीतील पत्ता. लायब्ररीला एखादी खिडकी रेखाटावयाची असली की ती थेट रेखाटत नाही. तक्त्यात पाहते, आणि तेथे जो पत्ता असेल त्या पत्त्यावर जाते. हीच ती गादी. पायथनमध्ये उपवर्ग घोषित होऊन त्याची नोंद झाली की बाइंडिंग त्याच्यासाठी तक्त्याची नवी प्रत करते, आणि वारसाच्या अंगी कोणकोणती कार्ये आहेत ती तपासते. जीटीकेच्या बाबतीत अशा कार्यांच्या नावाआधी ‘डू’ हा उपसर्ग लावण्याचा संकेत आहे. ज्या खान्याला जुळणारे ‘डू’ कार्य सापडेल, त्या खान्यातील जुना पत्ता पुसून तेथे एका दुभाष्याचा पत्ता लिहिला जातो. जेथे सापडणार नाही तेथे पूर्वजाचा पत्ता तसाच राहतो.

हा दुभाष्या सीमध्येच लिहिलेला असतो, म्हणून लायब्ररीला काही संशय येत नाही. तो बोलावला गेला की प्रथम पायथनचे कुलूप हाती घेतो. पायथनच्या प्रचलित अवताराचा नियम असा की एका वेळी एकाच धाग्याने पायथनच्या वस्तूंना स्पर्श करावा, आणि त्यासाठी एक सामाईक कुलूप असते. ते उठविण्याचे प्रयत्नही झाले आहेत. मग दुभाष्या सीमधून आलेल्या वस्तूंना पायथनची वस्त्रे चढवितो, वारसाचे कार्य बोलावितो, आलेले उत्तर उलट सीच्या रूपात उतरवितो, कुलूप सोडतो आणि परत जातो. एवढी यातायात एका हाकेसाठी. म्हणून ४३३ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यासाठी जर कोणी पायथनच्या वारसाला बोलावू लागला, तर मुले बसल्या जागी जांभया देऊ लागतील. जड काम पूर्वजाकडे ठेवावे आणि निर्णय वारसाकडे, ही वाटणी शहाणपणाची.

सी प्लस प्लसमध्ये थोडा फेर आहे. तेथे तक्ता कंपायलरच्या ताब्यात असल्यामुळे चालत्या प्रोग्रामला तो बिनबोभाट बदलता येत नाही. म्हणून बाइंडिंग लिहिणारा प्रत्येक वर्गाचा एक मध्यस्थ उपवर्ग सी प्लस प्लसमध्येच तयार करून ठेवतो. प्रत्येक बदलण्याजोग्या कार्यात हा मध्यस्थ एकच प्रश्न विचारतो: पायथनमध्ये कोणी याचे नवे रूप लिहिले आहे काय? असेल तर तिकडे जा, नसेल तर पूर्वजाकडे. क्यूट या लायब्ररीसाठी फिल थॉम्प्सन यांनी रचलेल्या पायक्यूटमध्ये ‘सिप’ नावाचे साधन असे मध्यस्थ आपणहून लिहून काढते. डेव्हिड बीझली यांच्या ‘स्विग’मध्ये त्यांना ‘डायरेक्टर’ म्हणतात, आणि खर्च जास्त म्हणून मागितल्याखेरीज ते मिळत नाहीत. वेन्झेल याकोब यांच्या ‘पायबाइंड ११’मध्ये त्यांचे नाव ‘ट्रॅम्पोलिन’, म्हणजे सर्कशीतील उडी घेण्याची ताणलेली चादर. नाव समर्पक आहे: सी प्लस प्लसने त्यावर पाय ठेवावा आणि पायथनच्या अंगणात जाऊन पडावे.

येथे विधीचा प्रश्न येतो, आणि तरुण मंडळी अडखळतात ती बहुधा येथेच. वारस जेव्हा स्वतःचे आरंभकार्य लिहितो, तेव्हा पूर्वजाचे आरंभकार्य त्याने स्वतः बोलवावे लागते. शुद्ध पायथनमध्ये हे विसरले तरी पुष्कळदा निभावते. दोनचार गुण कमी पडतात इतकेच. परंतु येथे पूर्वजाचे आरंभकार्य म्हणजे केवळ गुण भरणे नव्हे. सीच्या बाजूची वस्तू जन्माला घालण्याचे काम तेच करते. ते झाले नाही तर पायथनमध्ये एक पोकळ कवच उरते, ज्याच्या आत खिडकीच नाही. नाव सयाजीराव, पण दत्तकविधान झालेच नाही! पायक्यूट अशा वेळी स्पष्ट तक्रार करते की जनकवर्गाचा आरंभ कधी झालाच नाही. ही तक्रार मिळणे हे भाग्य समजावे. जी बाइंडिंगे इतकी सावध नसतात, त्यांच्यात अशा पोकळ वस्तूला हात लावताच सारा प्रोग्राम कोसळतो, आणि कोसळताना ओळ क्रमांकही सांगत नाही.

याची उलट बाजूही आहे. पूर्वजाचा आरंभ चालू असतानाच, म्हणजे वारसाची स्वतःची मांडामांड होण्यापूर्वीच, लायब्ररी तक्त्यातून वारसाला हाक मारू शकते. मुलगा अजून अंगरखा घालतो आहे तोच दरबार भरलेला. अशा वेळी वारसाच्या कार्याने स्वतःच्या एखाद्या गुणाकडे हात नेला, तर तो गुण अद्याप अस्तित्वातच नसतो. जीटीकेमध्ये गुणधर्म आरंभीच बसविले जात असताना हे प्रत्यक्ष घडते. उपाय साधा आहे: जी मूल्ये लागतील ती वर्गाच्याच अंगी ठेवावी, आरंभकार्याची वाट पाहत ठेवू नयेत.

परंतु सर्वांत नाजूक प्रश्न आयुष्याचा. अशा प्रत्येक वस्तूला दोन देह असतात, एक सीमध्ये आणि एक पायथनमध्ये. आणि दोन्हीकडे मृत्यूची गणती निराळ्या वहीत होते. पायथनमध्ये एखाद्या वस्तूकडे बोट दाखविणारे कोणी उरले नाही की ती नष्ट होते. सीकडे मात्र तीच खिडकी पडद्यावर उघडी असू शकते. आता पायथनचा देह गेला आणि सीचा उरला, तर काय होईल? वारसाने स्वतःपाशी ठेवलेले सारे गुण पायथनच्या देहात होते, ते गेले. पुढच्या हाकेला दुभाष्या नवे कवच चढवील, पण त्या कवचाला आपले नावसुद्धा आठवणार नाही. हे टळावे म्हणून जीटीकेच्या मुळाशी असलेल्या व्यवस्थेत एक चतुर युक्ती आहे. सीच्या देहाला पायथनखेरीज दुसरा कोणी धरून असेल, तोवर तो पायथनच्या देहालाही घट्ट धरतो. पायथनच एकटा धरणारा उरला की ती पकड सैल करतो, म्हणजे दोघांना एकत्र जाता येते. पकड अशी आलटून पालटून घट्ट आणि सैल होते. नाही तर दोघे एकमेकांना धरून कायमचे अमर झाले असते, आणि अशा अमर वस्तूंनी २५६ मेगाबाइट स्मृती भरावयास किती वेळ लागतो?

क्यूटमध्ये नेमके उलटे संकट येते. तेथे प्रत्येक वस्तूला पालक देता येतो, आणि पालक गेला की सी प्लस प्लस त्याच्या सर्व पाल्यांनाही नष्ट करते, पायथनला न विचारता. पायथनच्या हाती कवच उरते आणि आतली वस्तू गेलेली असते. पायक्यूट याची नोंद ठेवते आणि अशा कवचाला स्पर्श केल्यास ‘आतली वस्तू नष्ट झाली आहे’ असे सांगून थांबते. म्हणून पालक देणे म्हणजे मालकी देणे, हे पायक्यूट वापरणाराने पहिल्या दिवशी शिकावे.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे कित्येकांचा विनाकारण हिरमोड होतो. वारसाने कोणतेही कार्य नव्याने लिहिले म्हणून लायब्ररी ते मानीलच असे नाही. जे कार्य तक्त्यात आहे त्याचीच गादी बदलते. लायब्ररीच्या पोटात जेथे एक कार्य दुसऱ्याला तक्ता न पाहता थेट बोलाविते, तेथे वारसाचा आवाज पोहोचत नाही. पायथनमध्ये २००१ सालच्या २.२ या आवृत्तीपासून सीमध्ये लिहिलेल्या अंगभूत प्रकारांचेही उपवर्ग करता येऊ लागले, यादीचा, कोशाचा. परंतु कोशाच्या उपवर्गात चौकटी कंसाने मूल्य काढण्याचे कार्य बदलले, तरी त्याच कोशाचे ‘गेट’ हे कार्य त्या बदलाची दखल घेत नाही. ते सीमधील जुन्या वाटेनेच जाते. याला दोष म्हणावे की वेगासाठी केलेली तडजोड, याविषयी मतभेद होऊ शकतील. माझ्या मते दोष यात नाही, तो आहे लायब्ररी लिहिणाराने आपल्या गादीच्या जागा कोणत्या हे स्पष्ट लिहून न ठेवण्यात.

आणि वारसाच्या कार्यात चूक झाली तर? पायथनमधली चूक पायथनमध्ये वर वर जात असते, जोवर तिला कोणी सावरीत नाही. येथे मात्र वर सीची भिंत आहे, आणि सीला पायथनची चूक म्हणजे काय हे ठाऊकच नाही. पायजीटीके ती चूक छापून मोकळे होई आणि सीला एखादे रिकामे उत्तर देऊन पुढे चाले. पायक्यूटने ५.५ या आवृत्तीपासून कडक धोरण स्वीकारले: चूक कोणी सावरली नाही तर प्रोग्रामच बंद. अनेकांना ते क्रूर वाटले. माझे मत धोरणाच्या बाजूचे आहे. रिकाम्या उत्तरावर पुढे चालणारा प्रोग्राम दहा मिनिटांनी भलत्याच ठिकाणी पडतो, आणि मग खरी चूक शोधणाराची रात्र जाते.

हा सारा खटाटोप मुलांच्या लॅपटॉपापुरता आहे असे मात्र कोणी समजू नये. खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी असलेली जीएमआरटी ही वेधशाळा जी संस्था चालविते, त्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे ‘स्क्वेअर किलोमीटर अॅरे’ या जागतिक दुर्बिणीच्या नियंत्रणव्यवस्थेच्या आराखड्याचे नेतृत्व होते. त्या दुर्बिणीसाठी २०१५ साली ‘टँगो’ ही व्यवस्था निवडण्यात आली. टँगोचा उगम फ्रान्समधील ग्रनोबल येथील सिंक्रोट्रॉनच्या संस्थेत. तिचा गाभा सी प्लस प्लसमध्ये. परंतु दुर्बिणीचे एकेक उपकरण चालविणारे वर्ग पुष्कळसे पायथनमध्ये लिहिले जातात, सी प्लस प्लसमधील उपकरणवर्गाचे वारस म्हणून. उपकरण सुरू करण्याचे कार्य वारस लिहितो. ते केव्हा बोलवावयाचे ते गाभा ठरवितो. आणि त्यात पूर्वजाचे कार्य आधी बोलविण्याचा नियम तेथेही तोच.

कोशाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. पायजीटीकेच्या काळी कोणते कार्य कोणत्या खान्यात, उत्तराची मालकी कोणाची, हे सारे माणसांना वर्णनाच्या फायलींत मांडून ठेवावे लागे, आणि लायब्ररीची नवी आवृत्ती आली की कोश जुना होई. पुढे अशी सोय झाली की लायब्ररीच्या मूळ मजकुरातील टिपणांवरून तिचे वर्णन यंत्र तयार करते, ते तिच्यासोबत एका फाइलीत येते, आणि पायथन ती फाइल वाचून दुभाषे जागच्या जागी घडविते. २०१२ सालापासून शुगरनेही याच मार्गाने जीटीकेच्या तिसऱ्या आवृत्तीकडे वाटचाल सुरू केली. कवचाखालची यंत्रणा बहुतेक सगळी बदलली. अॅक्टिव्हिटीच्या वर्गातील ‘लिहा’ आणि ‘वाचा’ ही दोन कार्ये मात्र होती त्याच नावांनी राहिली.